मावशी की आत्या? पाच रेघांची गोष्ट



या समूहात सगळे जुने फोटो टाकतात, लग्नपत्रिका टाकतात, पाडलेल्या वाड्यांच्या आठवणी लिहितात. माझ्याकडे फोटो फार नाहीत. माझ्याकडे आवाज आहेत. एकेचाळीस. त्यातल्या एका आवाजावरून आमच्या घरात गेली काही वर्षं गोड भांडण चालू आहे, आणि त्या भांडणाचं मूळ कॉम्प्युटर फायलींची नावं कशी सांभाळतो यात आहे. विषय ऐकून पुढच्या पोस्टवर जाऊ नका. तुमच्याकडेही आजीचा आवाज किंवा आजोबांचं हस्ताक्षर कुठल्या तरी फोल्डरमध्ये पडलेलं असेलच.

आमचं गाव लांजी. बालाघाट जिल्ह्यातलं तहसीलचं ठिकाण, जुना किल्ला, लांजकाईचं देऊळ, श्रावणात कोटेश्वरला गर्दी. पलीकडे आमगाव, गोंदिया. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्यानं आखली गेली तेव्हा तिकडचा भंडारा जिल्हा मुंबई राज्यात गेला (गोंदिया तेव्हा त्यातच होतं), आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. सोयरीक तिकडची, कागद इकडचे. घरात मराठी, शाळेत हिंदी. आमच्या आडनावातला ळ शाळेच्या दाखल्यावर ल झाला तो पेन्शनच्या कागदापर्यंत ल-च राहिला. गुरुजींनी मुद्दाम नाही केलं. त्यांच्या हिंदीत ते अक्षरच नव्हतं, म्हणून जवळचं लिहिलं. बाबांनी दाखला पाहिला आणि म्हणाले, "राहू दे, चालून जाते." चाललंही. पण ही गोष्ट लक्षात ठेवा.

मी सरकारी नोकरीत कारकून. हिंदी टायपिंगची परीक्षा रेमिंग्टन मशीनवर दिलेली. पुढे ऑफिसात कॉम्प्युटर आले तेव्हा कृतिदेव फॉन्ट आला, त्याचा कीबोर्ड त्याच रेमिंग्टनसारखा, म्हणून बोटांना काही त्रास नाही. घरी २००४ साली स्वतःचा कॉम्प्युटर घेतला तो एकाच कामासाठी: आईची आणि तिच्या बरोबरीच्या बायांची गाणी लिहून ठेवायची.

तिथे पहिला झटका बसला. फाइलला नाव दिलं 'लांजी', घेतलं. नाव दिलं 'बालाघाट', घेईना. म्हणे या नावात न चालणारं चिन्ह आहे. तहसील चालते, जिल्हा चालत नाही! 'घर' नाही, 'धान' नाही, 'झाड' नाही. मला वाटलं मशीन बिघडलं.

बिघडलं काही नव्हतं. कृतिदेव हा मुखवटा आहे. आत इंग्रजी कीबोर्डचीच अक्षरं असतात, वर फक्त देवनागरीचे आकार दिसतात. 'मराठी' टाइप करा, आत ई, जे, के, बी, एच अशी पाच इंग्रजी अक्षरं. फाइलच्या नावाला मुखवटा चढत नाही, तिथे आतलंच दिसतं. आणि कृतिदेवमध्ये घ-चा अर्धा भाग प्रश्नचिन्हाच्या कळीवर, ध-चा तिरप्या रेघेवर, ष-चा दुहेरी अवतरणावर, झ आणि ढ 'मोठं-लहान' दाखवणाऱ्या कोनांवर. विंडोजमध्ये फाइलच्या नावात नऊ चिन्हं चालत नाहीत, त्यात ही सगळी येतात. तिरपी रेघ कशाला नको, तर ती फोल्डरचा रस्ता दाखवायला लागते. प्रश्नचिन्ह आणि तारा कशाला नको, तर ते 'इथे काहीही चालेल' या अर्थानं शोधायला लागतात. अमेरिकेत कोणी तरी ठरवलं आणि लांजीत माझं 'घर' अडलं.

त्याहून वाईट झालं ते 'बेल' आणि 'बैल' यांचं. पोळ्याचं बैलाचं गाणं मी आधीच लिहून ठेवलं होतं. मग कोटेश्वराच्या बेलाचं गाणं लिहिलं, नाव दिलं 'बेल'. कॉम्प्युटर म्हणाला, या नावाची फाइल आहे, बदलू का? कारकुनाचं बोट, 'हो' दाबून मोकळा. बैल गेला. कारण कृतिदेवमध्ये एक मात्रा म्हणजे लहान एस, दोन मात्रा म्हणजे मोठा एस, आणि विंडोज फाइलच्या नावात लहान-मोठं अक्षर एकच धरतं. इंग्रजी माणसाला त्यात सोय वाटते, 'राम' मोठ्या अक्षरानं लिहा की लहान, राम तोच. आमच्या मुखवट्याखाली बेल आणि बैल एकच झाले. आईला म्हटलं, पुन्हा सांग. ती म्हणाली, "काऊन रे, तुझ्या मशीननं खाल्ला का बैल?" आणि पुन्हा सांगितलं. तेव्हा ती होती म्हणून निभावलं.

२००५ च्या दिवाळीत भाचा आला, त्यानं विंडोजमध्ये खरी देवनागरी चालू करून दिली, युनिकोडवाली. त्यात प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, मुखवटा नाही. १९९१ साली युनिकोड निघालं तेव्हापासून देवनागरी त्यात आहे, आपल्याच सरकारच्या इस्की नावाच्या मांडणीवरून घेतलेली. घर, धान, झाड, बालाघाट सगळं चाललं. फक्त विसर्ग सांभाळायचा. आपण बरेचजण 'दुःख' लिहिताना विसर्गाच्या जागी कोलन ठोकतो, दिसायला तसंच. पण कोलन त्या नऊ चिन्हांत आहे. घरात एक मयत झाली तेव्हा 'दु:खद' म्हणून पत्र सेव्ह होईना, अन्‌ मी त्या कॉम्प्युटरवर ओरडलो, तेही आठवतं.

मग कॅसेटी काढल्या. १९८९ पासून चार-पाच वर्षं मी टेपरेकॉर्डरवर भरलेल्या. आई, आजी, मावशी, आत्या, काकू, मामी. जात्यावरच्या ओव्या, भुलाबाई, रोवणीची गाणी, लग्नातली, पाळणे. टेपरेकॉर्डरमधून वायर टाकून एकेक गाणं कॉम्प्युटरमध्ये घेतलं आणि फाइलला साधं नाव दिलं: कोण, मग आडवी रेघ, मग काय. 'आई - ओवी'. 'काकू - भुलाबाई'. खरं तर आम्ही आईला 'माय' म्हणायचो, पण कारकून माणूस, नावात प्रमाण मराठी आली. वर्ष घातलं तेही मराठी आकड्यांत, हौसेनं. कॅसेटींना पांढरी बुरशी चढली होती, टेप अडकून चुरगळत होती. काम झाल्यावर टाकून दिल्या. खोक्यांवर बॉलपेननं लिहिलेल्या चिठ्ठ्या होत्या, त्याही गेल्या. कॉम्प्युटरमध्ये आहेच की!

२००८ मध्ये हार्ड डिस्क कटकट आवाज करू लागली. घाबरून एका दुकानात नेली, त्यांनी सगळं सीडीवर टाकून दिलं. गाणी वाजतात का एवढं ऐकलं, वाजली, पैसे दिले. डिस्क आठवड्याभरात गेली. सीडी कपाटात. पुढे आई गेली, आत्या गेली, मावशी गेली. २०२० च्या लॉकडाउनमध्ये सीडी काढली, सगळी गाणी शाबूत, आणि नावांच्या जागी नुसत्या खालच्या रेघा.

'_ _ - _ _ _'. अशा एकेचाळीस.

माझा मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्यानं फोनवर समजावलं. जुने प्रोग्राम युनिकोडच्या आधीच्या पद्धतीनं नावं वाचतात. त्या पद्धतीत रशियन, ग्रीक, अरबी, थाई या लिप्यांसाठी विंडोजकडे जुने तक्ते होते. देवनागरीसाठी तसा तक्ता कधी केलाच नाही, ती आली तीच युनिकोडमधून, विंडोज २००० पासून. म्हणून जुन्या प्रोग्रामनं मराठी नाव मागितलं की त्याला प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह मिळतं. आणि प्रश्नचिन्ह तर नावात चालत नाही! मग सीडी लिहिणाऱ्या प्रोग्रामनं त्याची खालची रेघ केली. झिप फायलींचंही असंच, त्यांच्या नियमात युनिकोड नावांची सोय अधिकृतपणे आली ती २००६ मध्ये. जुन्या प्रोग्राममधून मराठी नावं अजूनही कचरा होऊन बाहेर पडतात.

"पण त्यानं विचारलं काऊन नाही?" मी म्हटलं. "हे नाव मला लिहिता येत नाही, असं म्हणाला असता तर मी दुसरीकडे गेलो असतो ना."

मुलगा म्हणाला, "बाबा, तेच तर."

मला बालाघाट नाकारलं तेव्हा राग आला होता. आता वाटतं, तो प्रोग्राम प्रामाणिक होता. दारातच म्हणाला, येऊ देत नाही. आणि हा दुसरा, हसत हसत घेतो, आत नेऊन पाटी पुसतो, आणि बाहेर सांगतो सगळं बरोबर आहे. शाळेच्या दाखल्यातला ळ असाच गेला होता. पण तिथे निदान ल उरला.

कोडं सोडवायला एक धागा होता. कॉम्प्युटर काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगवेगळं मोजतो. 'लांजी' आपल्याला दोन अक्षरं, त्याला पाच. म्हणजे रेघा मोजल्या की नावाची लांबी कळते. मी वही घेऊन बसलो. आई दोन. आजी तीन. (बरं झालं 'माय' लिहिलं नाही, तेही तीन भरलं असतं.) काकू चार, मामीही चार. पण मामी देवाच्या दयेनं आहेत, त्यांना फोनवर ऐकवलं. चार सेकंदांत म्हणाल्या, "अगं बाई, हा तर माझाच गळा!" आणि मग त्या अर्धा तास बोलल्या, ते मी रेकॉर्ड केलं नाही, त्याचा पस्तावा वेगळाच.

मराठी आकड्यातली वर्षं मात्र चारही रेघांत गेली. इंग्रजी आकडे टाकले असते तर टिकले असते.

एक फाइल होती 'आई' आणि पुढे सात रेघा. सात म्हणजे भुलाबाई, मी वहीत लिहूनही टाकलं. वाजवली तर वऱ्हाड येतंय असं लग्नाचं गाणं. 'वऱ्हाड' मोजलं तर सहा होतात: व, ऱ, पाय मोडल्याची खूण, ह, काना, ड. सातवी रेघ कसली?

याचं उत्तर मुलालाही शोधावं लागलं. आपला हा 'ऱ्ह'मधला अर्धा र, केसासारखा, दोन रीतींनी लिहिता येतो. एक, ऱ हे वेगळं अक्षर घेऊन. दुसरी, साधा र, पाय मोडायचा, आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकायचं. दोन्ही छापून काढा, भिंगानं पाहा, फरक नाही. काही नावं त्या दिवाळीत भाच्यानं टाइप केली होती, त्याच्या प्रोग्रामनं दुसरी रीत वापरली होती. सातवी रेघ त्या न दिसणाऱ्या चिन्हाची. आंधळ्याची काठी पुसून टाकणाऱ्या प्रोग्रामनं, जे कोणाला दिसतच नव्हतं, त्याची मात्र खूण ठेवली.

गंमत पाहा. आज लॅपटॉपवर एकाच फोल्डरमध्ये 'आई - वऱ्हाड' नावाच्या दोन फायली ठेवता येतात. मी ठेवून पाहिल्या. एकाच नावाच्या दोन फायली नसतात हे शाळेतलं पोर सांगेल. पण कॉम्प्युटरच्या लेखी ती दोन वेगळी नावं आहेत. शोधायला 'वऱ्हाड' टाका, एक सापडेल, दुसरी नाही. 'ॲ'चंही तेच. त्याला युनिकोडमध्ये स्वतःची जागा मिळाली २००८ मध्ये, त्याआधी आपण अ वर चंद्र ठेवून काम भागवत होतो. अजूनही दोन्ही फिरतात. वऱ्हाडात राहणारे, कऱ्हाडला राहणारे, गोऱ्हे आडनावाचे, तुमच्या फायली शोधून सापडत नसतील तर आधी हे तपासा.

मुलाचं म्हणणं, "बाबा, फायलींची नावं इंग्रजीत ठेवा. मधे जागा नको, चिन्ह नको, आकडे ठेवा. आम्ही ऑफिसात तसंच करतो." त्याचं बरोबर आहे, त्याच्या ऑफिसापुरतं. आता प्रत्येक नावाच्या पुढे मी इंग्रजी आकडा टाकतो, एवढं त्याचं ऐकलं. पण इंग्रजीत के, ए, एल लिहिलं तर ते काल, काळ, कल की कळ? 'गाणं चार' म्हटल्यानं कोण गायलं ते कळतं का? आमच्या बायांची नावं कुठल्या पुस्तकात नाहीत, रेडिओवर नाहीत. त्यांनी गायलं याचा एकमेव लेखी पुरावा म्हणजे ते फाइलचं नाव. यंत्राला ते वाचता येत नसेल तर न येवो, त्यानं ते जसं दिलं तसं उचलून पुढे द्यावं. पोस्टमनला पत्रातलं कळावं लागत नाही.

तसं करणारी यंत्रं आहेत. मुलाच्या जुन्या मशीनवर लिनक्स आहे. त्याला नावात फक्त तिरपी रेघ आणि एक रिकामं चिन्ह चालत नाही, बाकी काय लिहिलंय याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. लांबीची मर्यादा २५५ बाइटची, आणि देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं, म्हणजे आपल्याला पंच्याऐंशीच चिन्हं. मी हौसेनं एका फाइलला गाणारीचं माहेर, सासर, प्रसंग सगळं नावात घातलं होतं, त्यानं सरळ सांगितलं, फार लांब आहे. मान्य! कापायचं तर मी कापीन. सुनेकडे ॲपलचा लॅपटॉप आहे. त्यांची आधीची पद्धत ऱ हे अक्षर फोडून र आणि खाली टिंब असं करून ठेवायची. २०१७ पासून त्यांच्या नव्या पद्धतीत नाव जसं दिलं तसंच ठेवतात, आणि शोधताना फोडलेलं-जोडलेलं एकच धरतात. हे मला पटलं. ठेवताना माझं ठेवा, ताडताना शहाणपण दाखवा. माझ्यासारख्या कारकुनाला कळतं तर कंपन्यांना एवढी वर्षं काऊन लागली, देव जाणे.

चाळीस फायली अशा लागल्या. एक राहिली.

'_ _ _ _ _ - _ _ _ _ _'.

पुढचं सोपं आहे. पाळणा. पाच रेघा, आणि ऐकू येतंच. मागचं? मावशी मोजा: म, काना, व, श, वेलांटी. पाच. आत्या मोजा: आ, त, पाय मोडल्याची खूण, य, काना. पाच.

ओवी असती तर कळलं असतं. ओवीत बाई माहेर आणतेच, आणि आत्याचं माहेर लांजी, मावशीचं आमगावकडचं. पाळण्यात माहेर नाही. आवाज बारीक, दबका, कारण बाळ झोपतंय. टेप थोडी ताणलेली. मागे बांगड्या वाजतात आणि मधे एकदा बाळ कुरकुरतं. बाळ कोण ते नक्की, तो माझा मुलगाच, १९९१ चा. त्याच्या वेळी बाळंतिणीच्या कामाला दोघी आल्या होत्या, आत्या आधी, मावशी मागून, की उलट, ते बायकोलाही आठवत नाही. ती म्हणते, "मला त्या दिवसांत झोपेशिवाय काही आठवत नाही."

नागपूरला आत्याची मुलगी आहे. तिला पाठवलं. तिनं रात्री अकराला फोन केला, रडत होती. म्हणाली, "दादा, ही माझी आई. शब्द ओढते ना शेवटी, तशी तीच ओढायची." मी म्हटलं बरं. दोन दिवसांनी मावशीच्या मुलाला पाठवलं, तो आमगावला असतो, फारसा बोलत नाही. त्यानं एवढंच लिहिलं, "बांगड्या आईच्या आहेत."

आता माझ्याकडे त्या फाइलचं नाव आहे: '४१ मावशी किंवा आत्या - पाळणा', आकडा इंग्रजीत. नागपूरच्या फोनमध्ये तीच फाइल 'आई - पाळणा' नावानं आहे. आमगावच्या फोनमध्येही 'आई - पाळणा'. तिथे मी काही बदलायला सांगितलेलं नाही.